एसी आला आणि शंख पातळ झाले: नागपुरातल्या एका खाऱ्या टाकीचं प्रकरण

धरमपेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये ४०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, खाली सम्प म्हणजे जोडलेली दुसरी टाकी, सम्पमध्ये प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसानं पाण्यातला मळ काढणारं यंत्र. टाकीत क्लाउनफिशची जोडी, दहा-बारा टर्बो गोगलगायी, एक समुद्री साळू म्हणजे अर्चिन, काचेवर चुन्याच्या नळ्या बांधणारे बारीक किडे आणि सिरॅमिकच्या खडकांवर गुलाबी कोरॅलाइन शेवाळाचा थर. घर नमुन्याचं आहे, पण नागपुरात अशी टाकी असली तर उन्हाळ्यात ती याच वाटेनं जाते. आणि खाली दिलेले आकडे समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रात एकमेकांना धरून आहेत.

टाकीत प्रवाळ नाहीत, ते योग्यच. खडक रचणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विक्रेता ‘पेपर आहेत’ म्हणाला तरी जिवंत प्रवाळ किंवा समुद्रातून उचललेला ‘लाइव्ह रॉक’ घरी आणू नये. पण आपला विषय पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की चुन्याचं बांधकाम करणाऱ्या जीवांचं काय होतं हा, आणि प्रवाळ नसले म्हणून ही टाकी त्याबाहेर जात नाही. प्रवाळभित्ती काही एकट्या प्रवाळांनी उभी राहत नाही. तुटलेले तुकडे, शिंपले, वाळू यांना जोडून घट्ट करणारा गिलावा कोरॅलाइन शेवाळाचा असतो, आणि पाणी बदललं की बऱ्याचदा आधी तोच उघडा पडतो.

तक्रार मे महिन्यातली, ऐन नवतपाच्या सुमाराची. गुलाबी थर कडेकडेनं पांढरा पडत चालला होता. गोगलगायींच्या शंखांची टोकं खडूसारखी दिसत होती. काचेवरचे नळीवाले किडे कमी झाले होते. मासे मात्र ठणठणीत, खात-पीत होते. घरच्यांनी पीएच पाहिला: दुपारी ७.८५, सकाळी लाइट लागण्याआधी ७.७. मग बाजारातून ‘पीएच वाढवणारी’ पावडर आली, पाठोपाठ कॅल्शियम क्लोराइड आलं. महिन्याभरात केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, ८ वरून १२.५ आणि कॅल्शियम लिटरला ४२० वरून ५०० मिलिग्रॅमवर गेलं. पीएच जेमतेम ०.१५ हलला. उलट सम्पमधलं पाणी वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या इम्पेलरवर, म्हणजे फिरत्या पात्यांवर, पांढरी, कडक खपली बसली आणि पंप घरघरायला लागला.

या घरात त्या वर्षी नवीन एकच गोष्ट झाली होती. खिडकीतला कूलर निघाला आणि स्प्लिट एसी बसला. कारण टाकीच होती: कूलरमध्ये हॉल ३१-३२ अंशांखाली जात नसे, पाणी थंड करणारा चिलर दिवसभर धापा टाकी आणि पाणी २९ च्या वर चढे. एसीनं पाणी २६ वर आणलं. उष्णतेचा प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. खिडकीतला कूलर बाहेरची हवा वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून आत ओढतो आणि आतली हवा दारा-खिडक्यांतून बाहेर जाते. ओलसर, धुळकट, पण ताजी हवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. शिवाय घरात एसी एकच, म्हणजे उन्हाळ्यात चौघंही हॉलमध्येच अंथरूण टाकणार, खिडक्या बंद, दाराखाली पायपुसणं दाबलेलं.

झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौघांचे सुमारे ५०. हॉल १४ बाय १८ फूट, उंची १० फूट, म्हणजे जवळपास ७१ घनमीटर. फटींतून तासाला निम्मी हवा बदलते असं धरलं, तरी पहाटेपर्यंत आतली पातळी १,७०० ते १,८०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) पोचते. बाहेरच्या हवेत ती ४२० च्या थोडी वर असते. स्किमर हीच हवा मिनिटाला १० लिटर वेगानं बारीक बुडबुडे करून पाण्यात कालवतो. ऑक्सिजन मिसळण्यासाठी याहून चांगलं यंत्र नाही, आणि कार्बन डायऑक्साइड मिसळण्यासाठीही नाही.

पाण्यात काय होतं

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल होतं. त्यातून सुटलेला हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरतो आणि बायकार्बोनेट करतो. म्हणजे पीएच उतरतो आणि त्याच झटक्यात कार्बोनेटही संपत जातं. शंख, शिंपला, प्रवाळाचा सांगाडा हे सगळं कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियमची खाऱ्या पाण्यात ददात नसते. तुटवडा पडतो तो कार्बोनेटचा. म्हणूनच कॅल्शियम ४२० असताना आणखी कॅल्शियम ओतण्यात काही हशील नव्हतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: कार्बन डायऑक्साइड मिसळल्यानं केएच, म्हणजे क्षारता, बदलत नाही. आत आलेल्या वायूबरोबर जितका धनभार येतो तितकाच ऋणभार येतो, बेरीज तीच राहते. केएचचा संच ८ दाखवत राहतो आणि माणूस म्हणतो, ‘पाणी तर बरोबर आहे’. केएच ठीक आणि पीएच खाली, ही जोडी दिसली की संशय हवेवर घ्यायचा. दोन्ही खाली असतील तर रोग वेगळा: क्षार वापरले गेलेत, भरपाई झालेली नाही.

या टाकीचा हिशेब मांडू. खारटपणा ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २६, केएच ८, कॅल्शियम ४२०. घरच्या मीटरवर सकाळी ७.७ म्हणजे अ‍ॅरॅगोनाइटची (शंख-प्रवाळात असणारं कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप) संपृक्तता अंदाजे १.७. दुपारच्या ७.८५ ला सव्वादोनच्या थोडी वर. हेच पाणी मोकळ्या हवेत ८.१५ वर असतं तर चारच्या वर. संपृक्तता १ च्या खाली गेली तर उघडं अ‍ॅरॅगोनाइट विरघळतं. १ च्या वर असलं तरी ती जितकी कमी, तितकं बांधकाम महाग. औद्योगिक क्रांतीपूर्वी उष्ण कटिबंधातल्या समुद्रात ती साडेचारच्या आसपास होती, आता चारच्या जवळ आली आहे. या हॉलमधल्या टाकीनं एका रात्रीत गाठलेला आकडा उष्ण कटिबंधातल्या भित्तींवर या शतकाच्या वाईट अंदाजांतही क्वचितच येतो.

इथं मीटरबद्दल एक गोष्ट. घरगुती मीटर ७ आणि १० च्या बफर द्रावणांवर लावतात. समुद्रशास्त्रज्ञ ‘टोटल’ नावाच्या वेगळ्या मापपट्टीवर लिहितात. त्याच पाण्याला आपला मीटर सुमारे ०.१३ नं जास्त दाखवतो. समुद्राचा पीएच ८.०५ वाचून आणि आपल्या मीटरवर ८.०५ पाहून समाधान मानू नये.

शंखाकडे कसं पाहायचं

खडूसारखं टोक पाहून सगळे ‘शंख विरघळतोय’ म्हणतात. घाईचं निदान. टोक हा शंखाचा सगळ्यात जुना भाग. गोगलगाय शंख वाढवते तो तोंडाच्या कडेनं, आणि आतून थर देऊ शकते. टोकाच्या बाहेरच्या बाजूला तिचं प्रावरण, म्हणजे शंख घडवणारी मऊ त्वचा, पोचतच नाही. खडकावर घासून, शेवाळानं पोखरून म्हातारा शंख तसाही झिजतो. शिवाय संपृक्तता १.७ असताना अ‍ॅरॅगोनाइट उघड्यावर विरघळत नाही. शंखावरच्या चिकट थराखाली, जिथं जिवाणूंच्या श्वसनानं पीएच आणखी खाली जातो, तिथं थोडंफार विरघळेल. पण टोकाची बहुतेक झीज जुनीच.

पाहायची ती तोंडाची कड. निरोगी वाढणाऱ्या टर्बोची कड रंगीत, जाड, सरळ असते. या टाकीतल्या गोगलगायींची कड पापुद्र्यासारखी, टॉर्च मागे धरली की उजेड आरपार, आणि बोटाच्या दाबानं टवके निघत होते. आडव्या वाढरेषा एसी बसल्यानंतरच्या पट्ट्यात एकमेकींना खेटलेल्या. पायाला लागलेलं चुन्याचं झाकणही पातळ. हा खरा पुरावा.

कारण असं की शंख बांधणारा जीव सरळ समुद्राच्या पाण्यातून शंख पाडत नाही. तो प्रावरण आणि शंख यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतल्या द्रवातून पाडतो आणि तिथला पीएच स्वतः चढवतो, हायड्रोजन आयन बाहेर उपसून. बाहेर हायड्रोजन आयन जितके जास्त, तितका उपसा महाग. त्या शक्तीचा हिस्सा वाढीतून, अंड्यांतून, जखम भरण्यातून जातो. म्हणून मरण्याच्या कितीतरी आधी शंख पातळ होतो. लहान पिल्लांना हा उपसा सगळ्यात जड जातो.

कोणाला आधी लागतं हे खनिजावर ठरतं. शंखाचा मोत्यासारखा आतला थर अ‍ॅरॅगोनाइटचा, प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच. ऑयस्टरचा शिंपला मुख्यतः कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या दुसऱ्या स्फटिकरूपाचा, तो तुलनेनं टिकाऊ. कोरॅलाइन शेवाळ आणि साळूचे काटे मॅग्नेशियम भरपूर असलेल्या कॅल्साइटचे, आणि हे तिघांत सगळ्यात लवकर विरघळणारं. टाकीत गुलाबी थर आधी पांढरा पडला तो यामुळे. साळूचे काटे गळले असते तर मात्र पहिला संशय खारटपणाच्या किंवा तापमानाच्या धक्क्यावर घ्यावा लागला असता.

दोन डब्यांची चाचणी

हवेवर संशय घेऊन थांबायचं नाही, तो सिद्ध करायचा. टाकीचं एक-एक लिटर पाणी दोन डब्यांत घ्यायचं आणि पीएच लिहून ठेवायचा. एका डब्यात गॅलरीत ठेवून बाहेरच्या हवेचा एअर-पंप तासभर चालवायचा, दुसऱ्यात हॉलमध्येच. तापमान दोन्हींचं सारखं हवं. मेच्या दुपारी गॅलरीत ठेवाल तर पाणी तापून आकडा बिघडेल, म्हणून चाचणी पहाटे. बाहेरच्या हवेनं पीएच ०.१ हून जास्त चढला आणि आतल्या हवेनं नाही, तर दोष खोलीचा. दोन्हींत चढला तर खोली ठीक आहे, टाकीतच हवा पुरेशी खेळत नाही. दोन्हींत चढला नाही तर केएचकडे वळायचं. या टाकीत पहिल्या डब्यात पीएच ८.१५ च्या जवळ गेला, दुसरा जागचा हलला नाही.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्यायचा तर एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त प्रकाशानं थेट हाच वायू मोजणारा. स्वस्त यंत्रांवर ‘ईसीओटू’ लिहिलेलं असतं. ती इतर वायूंवरून अंदाज बांधतात, फोडणीच्या वासानंही आकडा उडतो.

केएचचा संच खरा बोलतोय का, हे घरीच तपासता येतं. १ केएच म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम खायचा सोडा. २.४ ग्रॅम सोडा १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून त्यातलं १०० मिलिलिटर घ्यायचं आणि १ लिटर करायचं. संचानं ८ दाखवायला हवं. थेट ०.२४ ग्रॅम तोलायच्या भानगडीत पडू नये, स्वयंपाकघराचा काटा तेवढं पकडत नाही.

पावडरीनं काय बिघडवलं

पावडर निरुपयोगी होती असं नाही. केएच वाढवला तर त्याच हवेतही कार्बोनेट वाढतं. अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑयस्टरची पिल्लं मोठ्या संख्येनं मेली. खोलातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं पाणी हे कारण निघालं आणि येणाऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळून त्यांनी वाट काढली. तिथं पाणी येतं, वापरलं जातं, निघून जातं. बंद टाकीत तोच उपाय साचत जातो.

घरच्यांची चूक अंदाजाची होती. पावडर म्हणजे खायचा सोडा, आणि तो घातल्या-घातल्या पीएच वाढत नाही, उलट किंचित उतरूही शकतो. म्हणून ते रोज घालत गेले. ४०० लिटरला ४.५ केएच चढवायला सुमारे ५४ ग्रॅम सोडा लागतो. हळूहळू तेवढा गेला. जोडीला कॅल्शियम ५००. मग कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं, पण शंखात नव्हे, पंपाच्या गरम भागावर. गरम पाण्यात ते कमी विरघळतं आणि आधी तिथेच बसतं. खपली बसते तेव्हा केएच आणि कॅल्शियम दोन्ही खाली येतात, माणूस पुन्हा पावडर घालतो, आणि जीवांना रोज बदलतं पाणी सोसावं लागतं.

दुरुस्ती

आधी सगळ्या पावडरी बंद. दर आठवड्याला ५० लिटर पाणी बदललं, नवं पाणी आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं), घनता १.०२६, केएच ८ च्या मिठाचं. बाष्पीभवनाची भरपाई बोअरच्या पाण्यानं करायची नाही. नागपुरातल्या बेसाल्टातलं बोअरचं पाणी कठीण असतं, आणि वाफ फक्त पाणी नेते, क्षार मागे साठतात. पंप पांढऱ्या व्हिनेगरात भिजवून खपली काढली, नीट धुतला.

मुख्य काम हवेचं. स्किमरच्या हवेच्या तोंडाला नळी जोडून दुसरं टोक खिडकीच्या चौकटीतून उत्तरेच्या सावलीच्या बाजूला काढलं. नळी स्किमरच्या मूळ नळीहून जाडच हवी, सहा मीटरला आतला व्यास किमान १२ मिलिमीटर. बारीक लावली तर स्किमर हवाच ओढत नाही, फेस बसतो आणि पीएच तसाच राहतो. ‘४५ अंशांची हवा आत घेतली तर पाणी तापेल’ ही शंका सगळ्यांना येते. मिनिटाला १० लिटर हवेचं वजन ११ ग्रॅमच्या आसपास; बाहेर-आत १९ अंशांचा फरक धरला तरी टाकीत जाणारी उष्णता ३-४ वॉट. चिलरला ती जाणवणारही नाही. बाहेरच्या टोकाला जाळी, आणि मध्ये कार्बन भरलेली डबी. पावसाळ्यात डासांसाठी फॉगिंग होतं तेव्हा नळी काढून ठेवायची: ते कीटकनाशक माशांनाही घातक ठरू शकतं, कोळंबी-खेकड्यांना तर त्याहून जास्त.

खिडकीतून नळी काढता येत नसेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या दाण्यांची डबी. हे भूल देण्याच्या यंत्रात वापरतात, सर्जिकल दुकानात मिळतं, संपलं की जांभळं होतं. १०० ग्रॅम जास्तीत जास्त २६ लिटर वायू पकडतात. १,३०० पीपीएमच्या हवेत हा स्किमर दिवसाला १८-१९ लिटर ओढतो, म्हणजे किलोभर माल कागदावर दोन आठवडे, प्रत्यक्षात त्याहून कमी. एसीच्या कोरड्या हवेत दाणे सुकतात आणि रंग न बदलताच काम थांबवतात. स्किमरच्या कपातून बाहेर पडणारी ओलसर हवाच पुन्हा डबीत फिरवली तर माल बराच टिकतो.

चुन्याची निवळीही चालते, पण मापात. पानाचा चुना नको, त्यात काय-काय असेल ते सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटर आरओ-डीआय पाण्याला दीड ग्रॅमच्या थोडं वर, ढवळून झाकून ठेवायचं आणि वरची निवळ तेवढी घ्यायची. पीएच १२.४, डोळे-हात सांभाळून. पूर्ण निवळीचा १ लिटर ४०० लिटरला जेमतेम ०.२८ केएच आणि कॅल्शियम २ मिलिग्रॅम देतो. या टाकीचा रोजचा खर्च साधारण तेवढाच, म्हणून रोज एकच लिटर, रात्री आठ तासांत, मिनिटाला २ मिलिलिटर वेगानं. मेमध्ये रोज ५-६ लिटर पाणी उडतं. ते सगळं निवळीनं भरलं तर केएचमध्ये दिवसाला दीडच्या आसपास भर पडेल. आणि एक लिटर निवळी फार तर एक लिटर वायू शोषते. खोलीत तासाला ५० लिटर येत असताना निवळीवर पीएचची भिस्त ठेवणं व्यर्थ. ती क्षार भरून काढण्यासाठी.

पहाटे साडेपाचच्या सुमाराला वीस मिनिटं खिडक्या उघडल्या. दिवसातली सगळ्यात थंड वेळ तीच. सम्पमध्ये हिरवं शेवाळ ठेवून त्याचा दिवा रात्री चालू केला, म्हणजे ते रात्रीही कार्बन डायऑक्साइड शोषतं. पीएच दिवसा ८.१५, पहाटे ८.० च्या आसपास आला. संपृक्तता अनुक्रमे चारच्या वर आणि तीनच्या थोडी वर. गुलाबी थर परत यायला वेळ लागतो आणि तो आधी सावलीच्या बाजूनं येतो. गोगलगायींच्या कडेला नवा जाड पट्टा दिसला. खडूसारखी टोकं तशीच राहिली आणि राहणार.

टाकी कुठवर समुद्रासारखी

हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमवरून ४२० च्या वर गेला आणि समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ०.१ नं उतरला. आकडा छोटा, पण पीएचची मोजणी लॉगवर चालते; हायड्रोजन आयन जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. टाकीत हे एका रात्रीत घडतं, समुद्रात दोनशे वर्षांत. म्हणून टाकीतल्या गोगलगायीवरून समुद्रातल्या गोगलगायीचं भविष्य वाचू नये.

त्यासाठी भित्तीवरच केलेले प्रयोग आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वन ट्री आयलंडला २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाण्याची क्षारता वाढवून जुन्या समुद्राजवळ नेली, तेव्हा भित्तीचं चुना बांधणं सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. २०१८ च्या प्रयोगात उलट कार्बन डायऑक्साइड घातला, तेव्हा ते ३४ टक्क्यांनी घटलं. पापुआ न्यू गिनीत ‘मिल्न बे’ या उपसागरात समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या हा वायू फुटतो. तिथं बुडबुड्यांजवळ पोराइट्स या प्रवाळांचे मोठे गोटे टिकून आहेत, फांद्याफांद्यांचे प्रवाळ विरळ आहेत आणि कोरॅलाइन शेवाळ घटलेलं आहे. टाकीतल्या गुलाबी थरानं दाखवलेला क्रम तिथंही दिसतो.

दुसरा फरक उष्णतेचा. या घरात एसीनं पाणी थंड केलं आणि वायू वाढवला. समुद्रात दोन्ही एकत्रच वाढतात, आणि भित्तीला आधी मारते ती उष्णता. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला प्रवाळ पांढरे पडले ते तापलेल्या पाण्यानं, आम्लतेनं नव्हे. पण मेलेल्या प्रवाळावर पुन्हा बांधकाम उभं राहायचं तर लागतो तो गिलावा आणि पिल्लांचे कोवळे सांगाडे, आणि आम्लता तिथं आडवी येते.

या टाकीत पुढची फसगत जुलैत होऊ शकते. पाऊस लागला की एसी बंद होतो, खिडक्या उघडतात, पीएच आपोआप ८.१ वर जातो, आणि श्रेय त्या आठवड्यात जे काही घातलं असेल त्याला मिळतं. डिसेंबरात थंडीनं खिडक्या पुन्हा बंद होतात. म्हणून नोंदवहीत पीएच आणि केएचशेजारी अजून दोन रकाने हवेत: त्या रात्री खिडकी उघडी होती की बंद, आणि हॉलमध्ये किती जण झोपले होते.